पांढऱ्या बाईची कालवड

१४ ऑगस्ट २०१९, बुधवार. सकाळी धुकं, डोंगर दिसला नाही. पाहुणे साडेनऊला येणार होते, पाऊण वाजता आले. तीन गाड्या. प्लास्टिकच्या बासऱ्यांची चार खोकी आणली. मुलींच्या वसतिगृहाच्या छपराबद्दल विचारलं. हे वर्ष संगीताचं आहे असं समजलं. अध्यक्षांनी मार्ग्रीटबाईंना कालवड दिली. शेळीचं मटण हाडाजवळ कच्चं राहिलं. बासऱ्यांचा आवाज अजून कानात आहे.

सिलान्तोईच्या डायरीत उद्गारचिन्ह कधी नसे. नवव्या वर्षी तिला टेकडीवरच्या कॉन्व्हेंटात नेऊन सोडलं तेव्हा सिस्टर बेनेदेत्ताने बजावलं होतं, की रोज संध्याकाळी दिवस लिहून काढायचा, आणि तो कसाही गेला असला तरी पूर्णविरामावर संपवायचा. तेव्हापासूनच्या साऱ्या वह्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. वाळवीने १९६७ साल तेवढं खाल्लं होतं. "जाऊ दे, त्या साली विशेष काही घडलं नव्हतं," असं ती म्हणे. त्या साली तिचं लग्न झालं होतं.

आता ती त्र्याहत्तर वर्षांची होती. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मासाई मुलखातल्या ओलमोतीच्या शाळेत तिने एकतीस वर्षं शिकवलं, निवृत्त झाली, आणि दुसऱ्याच सोमवारी शाळा समितीची चिटणीस झाली, कारण गोऱ्या माणसाचं उत्तर येईल असं इंग्रजी पत्र लिहिणारं पंचक्रोशीत दुसरं कुणी नव्हतं.

तशी पत्रं तिने नऊ वर्षं लिहिली. हॉलंडमधल्या एका लहानशा गावच्या संस्थेने ओलमोतीची शाळा दत्तक घेतली होती. पहिल्या वर्षी त्यांनी विहिरीवर पंप बसवला आणि तो चालला. त्यामुळे तिकडे त्यांचं फार कौतुक झालं, आणि कौतुक झालं की समिती नेमतात. समिती आल्यावर दर वर्षाला एक विषय लागू लागला. दातांच्या वर्षी ब्रश आले. ओलमोतीचे लोक झाडाची काडी चावून दात घासत आणि त्यांचे दात पाहुण्यांपेक्षा पांढरे होते, पण ब्रश बाटल्या धुवायला बरे पडले. खेळांच्या वर्षी आलेल्या सामानात पोहण्याचे चष्मेही होते. ओलमोतीत पोहण्याइतकं पाणी एकदाच आलं होतं, तेव्हा त्यात दोन शाळाखोल्या वाहून गेल्या होत्या. चष्मे घालून पोरं धुळीच्या वावटळीत गुरं राखू लागली. पाहुण्यांनी त्याचाही फोटो काढला.

बुटांच्या वर्षी आलेले बूट मात्र खरंच चांगले होते. म्हणूनच पाहुणे यायचे त्या दिवशी मुख्याध्यापक किपा मुलांना बूट घरी ठेवून यायला सांगत.

"गणवेशही नको," ते म्हणत. "लाल चादरी गुंडाळून या."

"अहो किपा, गणवेश त्यांनीच दिलेत की," सिलान्तोई म्हणाली.

"म्हणूनच तर, बाई. दिलेलं अंगावर दिसलं तर पुन्हा कशाला देतील?"

देण्याबरोबर देवाणघेवाणही असे. तिला पाहुणे 'संस्कृतींची भेट' म्हणत. पहिल्या दिवशी प्रत्येक पाहुणीला मासाई नाव मिळे. नावं देणाऱ्या बायकांना तीनच नावं पटकन सुचत, त्यामुळे हॉलंडमध्ये एव्हाना चौदा नाशिपाई झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाहुण्या हातमोजे घालून झोपडीची भिंत शेणाने लिंपायला शिकत. त्या जेवायला गेल्या की बायका ते सगळं खरवडून काढून पुन्हा लिंपत.

"एवढं विमानात बसून शेणात हात घालायला येतात," शेजारची नोलारी सिलान्तोईला म्हणे. "यांच्याकडे गाई नाहीत का गं, लेमेइनच्या आई?"

"आहेत. पण म्हणे त्यांच्याकडे शेण यंत्र उचलतं."

"मग यंत्रालाच पाठवायचं होतं. त्याने बरं लिंपलं असतं."

मार्ग्रीट ही या साऱ्यांची पुढारीण. साठीची, उंच, उन्हाने नाक सोललेली, आणि मनाने इतकी चांगली की तिच्यावर रागावायची सोय नव्हती. दर वर्षी जाताना ती सिलान्तोईचे दोन्ही हात धरून विचारी, "तुम्हाला खरी गरज कशाची आहे ते मनमोकळं सांगा." सलग तीन वर्षं सिलान्तोईने मनमोकळं एकच सांगितलं, वसतिगृहाचं छप्पर. मुलींच्या वसतिगृहाच्या चार भिंती 'भिंतींच्या वर्षी' उभ्या राहिल्या होत्या. पुढचं वर्ष झाडांचं निघालं. भिंतींच्या आत आता शेळ्या बसत.

सिलान्तोईचं एरवी शेळ्यांशी काही वाकडं नव्हतं. पण तिची नात रेसियातो तेरा वर्षांची झाली होती. त्यांची वस्ती शाळेपासून अकरा किलोमीटरवर आणि मधला रस्ता हत्तींचा. जून महिन्यात दुसऱ्या वस्तीतल्या एका मुलीला झाडावर चढून दुपार काढावी लागली. त्यानंतर सिलान्तोईच्या मुलाने, लेमेइनने, आईला सांगितलं.

"येयो, हे वर्ष कसंबसं रेटतो. जानेवारीत शाळेत निजायची सोय असली तर पोरगी जाईल. नसली तर घरी बसेल."

"घरी बसून काय करेल?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. पलीकडच्या वस्तीचे लोक मागणीच्या मधाचं भांडं घेऊन एकदा येऊन गेले होते, आणि तो मध काही खोकल्यासाठी नव्हता.

पत्रांनी छप्पर येत नाही हे कळायला तिला तीन वर्षं लागली. मग तिला वाटलं, की आपलं मागणंच चुकतं आहे. आपण परक्यासारखं मागतो आहोत. जुलैमध्ये एक दिवस ती समितीचे अध्यक्ष ओले मोइंगेत यांच्या गोठ्यावर गेली.

ओले मोइंगेतचा कळप सगळ्या भागात मोठा. किती मोठा ते कुणी सांगत नसे. गुरं मोजू नयेत, मोजली की कमी होतात. पण चौऱ्याऐंशीच्या दुष्काळात याच माणसाकडे एक शेपटीही उरली नव्हती. तेव्हा सिलान्तोईने आपल्या वाट्याची एक कालवड त्याच्या दारात बांधली. आज हा कळप त्या कालवडीचाच, असं तो स्वतःच मोठ्या आवाजात सांगे. ज्याने ज्याला कालवड दिली त्या दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारायची नाही, दोघंही एकमेकांचे 'पाआशे'. बोकड दिला तर 'पाकिने', गाढव दिलं तर तेही नाव आहे. नाव गेलं की नातं आलं, आणि त्या नात्यात एकाने मागितलं तर दुसऱ्याने नाही म्हणायचं नसतं.

"पाआशे," ती म्हणाली, "नऊ वर्षं त्या बाईकडून घेतोय. आपण तिला दिलं काय?"

"नाचलो की."

"तू नाही नाचलास. तू खुर्चीत बसून चहा पीत होतास."

"माझ्या वतीने नाचले."

"नाचल्याने कुणी नात्यात येतं का? माळा घातल्या, नाव दिलं, तेही चौदा जणींत वाटून. अजून ती पाहुणीच आहे. पाहुणा आपल्याला वाटेल ते देतो, नातेवाईक मागाल ते देतो. तिला कालवड दे. मग छप्पर माग."

ओले मोइंगेतने आपल्या कळपाकडे पाहिलं. "बोकड दिला तर?"

"मग ती तुझी पाकिने होईल. बोकडावर छप्पर मागता येईल का?"

"दोन बोकड?"

"पाआशे."

"देतो, देतो. तुझं लग्नच शाळेशी झालं असतं तर बरं झालं असतं."

त्याने दिली ती कालवड तांबडी, एक कान चिरलेली, पण निकोप होती. चौदा ऑगस्टला, बासऱ्यांचा कल्लोळ कसाबसा थांबवल्यावर, तो सगळ्यांसमोर उभा राहिला. भाषण करायला त्याला आवडे आणि ते त्याला येतही असे.

"आजपासून तुझं नाव गेलं, माझं गेलं," तो मार्ग्रीटला म्हणाला. "तू पाआशे, मी पाआशे. माझ्या घरात दूध असेल तोवर तू उपाशी नाहीस. तू मागशील ते मी नाकारणार नाही, मी मागेन ते तू नाकारणार नाहीस. कालवड घेऊन जो नाही म्हणतो तो माणूस नव्हे, तरस आहे. त्याच्या दारचं पाणीही पिऊ नये."

सिलान्तोईने एकही शब्द न गाळता कॉन्व्हेंटच्या स्वच्छ इंग्रजीत हे सगळं सांगितलं. तरससुद्धा सांगितला. मार्ग्रीटचे डोळे भरून आले. "किती सुंदर," ती म्हणाली. पाहुण्यांना इथलं प्रत्येक वाक्य कविता वाटे, त्यामुळे त्यात करारही असू शकतो हे त्यांच्या ध्यानात येत नसे.

मग ओले मोइंगेतने तिच्या तळहातावर आशीर्वादाची थुंकी टाकली. मार्ग्रीटने हसत हसत खिशातली बाटली काढून त्यावर औषधी पाणी चोळलं. बाई आशीर्वाद आत मुरवून घेते आहे असं वाटून म्हातारा खूश झाला.

"पाआशे," तो लगेच म्हणाला, "छप्पर."

मार्ग्रीटने त्याला मिठी मारली आणि सांगितलं, की हे वर्ष संगीताचं आहे, पण ती समितीपुढे विषय नक्की मांडेल.

"काय म्हणाली?" ओले मोइंगेतने विचारलं.

"म्हणाली, घरच्यांना विचारते."

"बरोबर आहे. बाईमाणूस आहे, विचारायला हवं."

घरच्यांचं उत्तर सप्टेंबरच्या शेवटी आलं. मार्ग्रीट आणि कालवड यांचा फोटो तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आला होता. तो पाहून एका सभासदाने विचारलं, की ज्यांच्याकडे फुकट वाटायला गाई आहेत त्यांच्यासाठी आपण केक विकून मदत का गोळा करतो? शिवाय ज्यांना मदत द्यायची त्यांच्याकडून मौल्यवान भेट घेऊ नये असा संस्थेचा नियम निघाला. चौकशी बसली. तिचा निकाल लागेपर्यंत सगळी मदत थांबवण्यात आली, बासऱ्यांसह. बासऱ्यांबद्दल शाळेत कुणी हळहळलं नाही.

सोबत चार पानी अर्ज होता. कालवडीची अंदाजे किंमत. कालवडीचा सध्याचा पत्ता, म्हणजे ओले मोइंगेतचाच गोठा. भेट देण्यामागचा हेतू. गावात इतर गाई आहेत का, असल्यास एकूण किती. सिलान्तोई अर्ज घेऊन समितीच्या वडीलधाऱ्यांकडे गेली. बाकी सगळं जमलं, पण 'एकूण किती' पाशी गाडं अडलं.

"आमच्या गाई मोजून त्यांना काय करायचंय?" ओले मोइंगेत ओरडला. "मेलेल्या हव्यात का?"

तिने लिहिलं, 'आमच्याकडे गाई मोजत नाहीत.' उत्तर आलं, की गावाने माहिती देण्यास नकार दिल्याची नोंद घेतली आहे. त्याबरोबर मार्ग्रीटचं वेगळं पत्र होतं, हाताने लिहिलेलं, दोन ठिकाणी शाई फुटलेली. कालवड कृपया परत घ्यावी, म्हणजे सगळं मिटेल, अशी तिची विनंती होती. तिचा नाइलाज होता.

दिलेली कालवड परत घ्यायची म्हणजे नातं मोडायचं, म्हणून ही विनंती सिलान्तोईने ओले मोइंगेतला सांगितलीच नाही. तिने पत्र घडी घालून वहीत ठेवलं. मधवाले त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा आले. या वेळी मधाबरोबर त्यांनी सिलान्तोईसाठी घोंगडीही आणली होती. रेसियातोने दोन्ही आत नेऊन ठेवलं, आणि कोपऱ्यात बसून गणिताची वही उघडली. पान काही उलटलं नाही.

"कोको," थोड्या वेळाने ती आजीला म्हणाली, "तुला घोंगडी आवडली का?"

"टोचते."

त्या संध्याकाळी वहीत एकच ओळ होती. 'कालवडीची कल्पना माझी होती.'

ऑक्टोबरच्या बैठकीला बाभळीखाली सगळी समिती जमली. किपांनी सुचवलं की संस्थेची माफी मागावी. आपण फार गरीब आहोत असं एक पत्र लिहावं आणि सोबत शेळ्या बसलेल्या वसतिगृहाचा फोटो जोडावा. ओले मोइंगेत ताडकन उठला. काठी जमिनीवर आपटून तो म्हणाला, "माफी आम्ही मागायची? भर सभेत तिने कालवड घेतली. मी छप्पर मागितलं. दिलं का? असल्या माणसाला काय म्हणतात?"

"तरस," दोन-तीन म्हातारे म्हणाले.

"त्याच्या दारचं पाणी प्यावं का?"

"पिऊ नये."

"कालवड घेतलेल्याला 'माझे घरचे नाही म्हणतात' असं सांगता येतं का? 'यंदा जमत नाही' असं सांगता येतं का?"

"येत नाही."

सिलान्तोई कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत होती. तिचं पेन थांबलं. आपण एवढ्या लांब, समुद्रापलीकडे पत्रं का धाडत होतो, हे तिला त्या क्षणी कळेना. तिने टोपण लावलं आणि ती उठली.

"पाआशे," ती म्हणाली.

ओले मोइंगेतचा हात हवेत होता तो तिथेच राहिला. लोक पाहू लागले.

"पाआशे, पस्तीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागते. छप्पर."

वसतिगृहातली शेळी खोकलेली बाभळीखाली ऐकू आली.

"ते... ते घर गोऱ्यांचं आहे," म्हातारा म्हणाला.

"भिंती त्यांच्या असतील. पोरी आपल्या आहेत."

"पण हे वर्ष..."

"कशाचं आहे तुझं वर्ष?" नोलारीने मागून विचारलं. "संगीताचं?"

बायका हसल्या. मग म्हातारेही हसले, ज्यांनी आत्ताच 'पिऊ नये' म्हटलं होतं ते जरा जास्तच. ओले मोइंगेतने काठी टेकून खाली बसायला बराच वेळ घेतला.

"म्हातारे," तो शेवटी म्हणाला, "तू हे मघाशीच सांगितलं असतंस तर मी एवढं बोललो नसतो."

"म्हणूनच नाही सांगितलं," सिलान्तोई म्हणाली. कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईने आयुष्यात क्वचितच सांगितलेलं हे खोटं होतं. छप्पर त्याच्याकडे मागायचं तिला पेन थांबलं त्याच क्षणी सुचलं होतं. पण ते तिने कबूल केलं नाही, इतिवृत्तातही लिहिलं नाही.

त्याने बैल विकले. किती ते विचारायचं नव्हतं. नोव्हेंबरात पत्रे आले, लाकूड आलं, आणि ज्यांनी नऊ वर्षं 'गोरे करतील' म्हणून शाळेच्या कामाला हात लावला नव्हता ते तरुण आता ओले मोइंगेतच्या नजरेखाली खिळे ठोकू लागले. नजर कडक होती. स्वतःचे बैल वर चढताना पाहणाऱ्याची असते तशी. छप्पर पुरं झाल्यावर तो रोज एकदा येऊन पत्र्यावर काठी वाजवून पाही आणि भेटेल त्याला सांगे, "ही कल्पना माझीच. किती वर्षं मी म्हणत होतो."

शेळ्यांना बाहेर काढायला दोन दिवस लागले. त्यांना वाटलं असावं, की छप्पर त्यांच्यासाठीच घातलं आहे.

डिसेंबरात संस्थेची चौकशी संपली. पाठोपाठ वार्षिक अहवाल आला, गुळगुळीत कागदाचा. किपांनी पाठवलेला नव्या छपराचा फोटो मुखपृष्ठावर होता. खाली लिहिलं होतं, की संस्थेने मदत तात्पुरती थांबवण्याचा धाडसी निर्णय घेतल्यामुळे ग्रामस्थांत स्वावलंबनाची भावना जागी झाली. येतं वर्ष स्वावलंबनाचं. ते शिकवायला ऑगस्टमध्ये बारा जण येतील.

"बघा, बाई, परत येतायत," किपा आनंदाने म्हणाले. "छपरावर थोडं गवत पसरू या का? पत्रा फार चकाकतो."

"पसरा," सिलान्तोई म्हणाली. "पण अध्यक्षांना विचारून."

किपांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

मार्ग्रीटचं पत्र मात्र निराळं होतं. समितीतून तिने राजीनामा दिला होता. पत्राच्या सुरुवातीला सिलान्तोईचं नाव नव्हतं, 'पाआशे' असं लिहिलं होतं. चुकीच्या माणसाला लिहिलं होतं, पण शब्द बरोबर होता. तिने कालवडीची चौकशी केली होती, ती चरते कुठे, तिला काही नाव आहे का, तिच्या कानाला लागलं ते कसं. कालवड परत घ्या, असा एक शब्दही आता नव्हता. सिलान्तोईने दोन पानी उत्तर लिहिलं आणि ओले मोइंगेतच्या अंगठ्याचा ठसा घेतला. तो म्हणाला, "तिला लिही, मी मागितलं होतं ते मिळालं. हिशेब नको म्हणावं, ये म्हणावं. आणि बासरी आणू नको म्हणावं."

मधवाल्यांची घोंगडी लेमेइनने स्वतः नेऊन परत दिली. आपली मुलगी शाळेत निजते, एवढंच त्याने सांगितलं. मध तेवढा संपला होता, त्याबद्दल एक कोकरू द्यावं लागलं.

सहा जानेवारीच्या सोमवारी लेमेइनने रेसियातोची पत्र्याची पेटी मोटारसायकलला बांधली. सिलान्तोईने नातीच्या डोक्यावर थुंकून आशीर्वाद दिला. रेसियातोने वाकून तो घेतला आणि पुसला नाही.

"कोको, तिथे पहाटे पाचला घंटा होते म्हणे."

"आमच्या वेळी साडेचारला व्हायची."

"रोज लिहायचं का तुझ्यासारखं?"

"लिही. उद्गारचिन्हं कमी घाल."

मोटारसायकल काटेरी कुंपणाबाहेर पडली. दुपारी लेमेइन रिकामा परत आला. पोरीला खिडकीजवळची जागा मिळाली, रस्त्यात हत्ती लांबून दिसले, असं सांगून तो गुरांकडे गेला. सिलान्तोईने दिवसभराची कामं नेहमीच्या क्रमाने उरकली आणि ऊन उतरल्यावर वही घेऊन दाराशी बसली.

६ जानेवारी २०२०, सोमवार. कोरडा वारा. रेसियातो शाळेत पोचली. काळ्या शेळीच्या डाव्या सडाला गाठ आहे, कोमट पाण्याने शेकली, दूध वेगळं काढून कुत्र्याला घातलं.